व्हेटर्नरीला जायचंय, पण घरापासून किती लांब?

काल शेजारची मुलगी नीटचा स्कोअर घेऊन आली. आम्ही साताऱ्याचे. आई म्हणते शिरवळ, लेकीच्या मनात मुंबई. मी स्वतः व्हेट, म्हणून पंचायत माझ्याकडे!

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात शेवटी एक वर्ष इंटर्नशिप. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही सरकारी कॉलेजं एकाच विद्यापीठाची, नागपूरच्या 'माफसू'ची. अभ्यासक्रम तोच, डिग्री तीच. त्यामुळे नुसत्या नावासाठी लांब जाऊ नये, असं माझं मत.

फरक पडतो तो ओपीडीत कोण येतं यानं. मुंबईत कुत्री-मांजरं जास्त. उदगीर पट्ट्यात देवणी आणि लाल कंधारी गायी, म्हशी, उस्मानाबादी शेळ्या. खांद्यापर्यंत ग्लोव्ह चढवून, आत हात घालून गाय गाभण आहे का हे नुसत्या बोटांनी ओळखायचं असतं. ते पुस्तकातून येत नाही, हाताखालून जनावरं जावी लागतात.

म्हणून आधी ठरवा: पेट क्लिनिक की गोठा?

आणि शिरवळ जवळ म्हणून दर रविवारी घरी, हा हिशेब पालकांनी धरू नये. अडलेली म्हैस वार बघून येत नाही. (आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.)

राज्याबाहेर जायचं असेल तर सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्याच्या जागा आहेत, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तारखा चुकवू नका.

हॉस्टेल, खर्च, इंटर्नशिप, काहीही विचारा. रात्री उत्तरं देतो.