विल्कबांबा व इंकांचें गुप्त सुवर्ण

पेरू देशांतील इंकांनीं आपलें सुवर्ण स्पॅनिशांच्या हातीं पडूं नये म्हणून अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील निबिड अरण्यांत, एका अज्ञात नगरांत दडविलें, अशी आख्यायिका फार दिवसांपासून चालत आली आहे. तिच्या नादानें कित्येकांनीं द्रव्य व प्राणहि घालविले. तेव्हां तींत इतिहासाचा अंश किती, हें पाहणें अवश्य आहे.

सुवर्णाच्या मोठ्या भागाचा हिशेब लागतो. १५३२ च्या नोव्हेंबरांत पिझारोनें काहामार्का येथें इंका आताहुआल्पा यास कैद केलें. सुटकेसाठीं त्यानें एक दालन सोन्यानें भरून देण्याचें कबूल केलें व राज्यांतील पात्रें, मूर्ति, देवालयांचे पत्रे आणविले. स्पॅनिशांनीं तें सर्व वितळवून सुमारें ६,००० किलो सोनें केलें, राजाचा पांचवा हिस्सा काढून बाकीचें आपसांत वांटलें, आणि १५३३ त आताहुआल्पाचा वध केला! जें अरण्यांत शोधावयाचें तें पुष्कळसें असें मुशींतच नष्ट झालें.

नगराची गोष्ट मात्र खरी. बंड फसल्यावर मांको इंका १५३७ त विल्कबांबाच्या रानांत शिरला व त्याच्या वंशानें तेथें १५७२ पर्यंत राज्य टिकविलें. त्या वर्षीं स्पॅनिश फौज पोंचली तों इंकांनीं नगर स्वतःच जाळून सोडलेलें. तुपाक अमारू पकडला जाऊन कुस्को येथें त्याचा शिरच्छेद झाला; पुंचाओ नांवाची सूर्याची सुवर्णप्रतिमाहि विजेत्यांनीं नेली.

पुढें नगराचें स्थळ विस्मृत झालें. १९११ त हायरम बिंगम यांनीं माचू पिक्चू जगापुढें आणलें व तेंच विल्कबांबा असें प्रतिपादिलें. वास्तविक त्याच वर्षीं ते एस्पिरितू पांपा येथेंहि गेले होते. तेथें झाडींत त्यांना भाजलेलीं कौलें दिसलीं. इंकांचीं छपरें गवताचीं; कौलें घालणें ही स्पॅनिशांची रीत. १९६४ त जीन सॅव्हॉय यांना त्याच ठिकाणीं विस्तीर्ण अवशेष आढळले. आणि मार्तिन दे मुरुआ याच्या बखरींत तर विल्कबांबाच्या राजवाड्यावर कौलें असल्याचें स्पष्ट लिहिलेलें आहे. एका कौलानें वाद मिटला. आमच्या मतें हा पुरावा सुवर्णाच्या घड्याहूनहि अधिक मोलाचा.

एस्पिरितू पांपा येथें सोनें मुळींच निघालें नाहीं असें नव्हे. २०११ मध्यें जाहीर झालेल्या उत्खननांत एका थडग्यांतून रुप्याचें उरस्त्राण व सोन्याचीं कंकणें मिळालीं. तीं इंकांचीं नव्हेत. त्यांच्याहि कित्येक शतकें आधींच्या वारी लोकांचीं आहेत. गुप्त सुवर्ण शोधणारे मात्र आतां आणखी पूर्वेच्या रानांत, पायतिति नांवाचें दुसरें नगर धुंडाळीत आहेत.