कॉफीची गोष्ट : कप किती ते झालं, आता कप कधी

डीकॅफ कसं तयार करतात ते या आठवड्यात सांगेन म्हटलं होतं. ते थोडं थांबेल. सातवा महिना लागल्यावर माहेरी आलेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, आणि तिचा प्रश्न गेल्या वेळच्या ‘गरोदरपणात दिवसाला दोनशे मिलिग्रॅम कॅफिन’ या हिशेबात बसत नाही. चहा तिने पूर्ण बंद केलाय. कॉफी दिवसातून एकदाच, तीही आईच्या हातची, रात्रीच्या जेवणानंतर, जायफळ घातलेली. लग्नाआधी हीच कॉफी पिऊन ती गाढ झोपायची. आता रात्रीचे दोन वाजले तरी डोळा लागत नाही. हे बाळाच्या हालचालींमुळे, की कॉफीमुळे?

सातव्या महिन्यात झोप मोडायला कारणं पुष्कळ असतात. वाढलेलं पोट असतं, रात्री लघवीला उठावं लागतं, पायात गोळे येतात. पण या पत्रात कॉफीवर संशय घ्यायला भक्कम आधार आहे.

एरवी प्रौढ माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत निघून जातं. हे काम यकृतातल्या सीवायपी-वन-ए-टू नावाच्या एन्झाइमचं. गरोदरपणात हे एन्झाइम मंदावत जातं: पहिल्या तिमाहीत त्याचं काम सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं, दुसरीत निम्म्यावर येतं आणि तिसरीत जेमतेम एक तृतीयांश उरतं. यामागे इस्ट्रोजेनचा हात मानला जातो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्येही कॅफिन असंच रेंगाळतं. शेवटच्या महिन्यांत पाच तासांचे पंधरा तास होतात.

आता या भगिनीचा कप मांडून पाहू. चमचाभर इन्स्टंट कॉफीत साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन धरा. रात्री नऊला ती प्यायली, तर लग्नाआधी दोन वाजता रक्तात 30 उरायचं. आज त्याच वेळी 48 च्या आसपास असतं, आणि 30 वर यायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. रात्री पुढचा कप हातात येतो तेव्हा आदल्या दिवशीच्या कपाचा एक तृतीयांश अजून अंगात असतो. कप तोच आहे, दोनशेच्या मर्यादेच्या तर खूपच आत आहे, आणि तरीही झोप उडते. जायफळाने झोप येते अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, पण चिमूटभर जायफळ कॅफिन रक्तातून काढून टाकत नाही.

बाळाच्या बाजूनेही हे पाहायला हवं. कॅफिन वारेतून सहज पार होतं, आणि पोटातल्या बाळाकडे ते मोडून टाकायची सोय जवळपास नसतेच. आईच्या यकृताने काम संपवलं की बाळाची सुटका. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हणणारी युरोपची अन्नसुरक्षा संस्था 2015 च्या त्याच अहवालात गरोदर स्त्रीला निम्म्यावर, 200 वर आणते.

या संदर्भात मला सगळ्यात विलक्षण वाटत आलेली गोष्ट नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली आहे. खूप लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास मधेमधे थांबतो, आणि तो चालू राहावा म्हणून डॉक्टर त्यांना कॅफिन सायट्रेट देतात. हे जगभर रुळलेलं औषध आहे. दिवसातून एकदा दिलं तरी पुरतं, कारण एवढ्या लहान जिवाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला तीन-चार दिवस लागतात. म्हणून पोटातल्या बाळालाही कॉफी चांगलीच, असा अर्थ कुणी काढू नये. तिथे मात्रा मोजलेली असते आणि डॉक्टरांची नजर सतत बाळावर असते.

पत्रात शेवटी एक वाक्य सहज आलंय: रक्तवाढीची गोळीही ती जेवणानंतरच, कॉफीच्या आगेमागे घेते. मला हे झोपेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं, आणि चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला आतड्यात धरून ठेवतात. 1983 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात हॅम्बर्गरबरोबर कपभर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं. चहाने तर 64 टक्क्यांनी. त्यातला पुढचा निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही: जेवणाआधी एक तास कॉफी घेतली तर काहीच घट झाली नाही, जेवणानंतर एक तासाने घेतली तर जेवणाबरोबर घेतल्याइतकीच झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. जेवणानंतरचं अंतर मी तरी दोन तासांचं ठेवायला सांगेन.

तेव्हा, ताई, कॉफी सोडू नका, फक्त ती सकाळकडे न्या. नाश्ता नि दुपारचं जेवण यांच्या मधली वेळ उत्तम. आईंना सांगा, जायफळ तेव्हाही घालता येतं. रात्री गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. आठवडाभरात झोपेत फरक पडला नाही, किंवा छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या डॉक्टरांनी दोनशेपेक्षा कमी सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

बाळंतपणानंतर यकृत काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण बाळ अंगावर पीत असताना कॉफीचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल, म्हणून पुढच्या आठवड्यात तोच घेतो. डीकॅफ त्यानंतर.