कर्मणी रचना, मराठीतील

क्रियापद कर्माच्या लिंगवचनांप्रमाणे बदलले, की मराठी व्याकरणात तो कर्मणी प्रयोग मानतात. ‘तिने भाकरी भाजली’ हे वाक्य या अर्थाने कर्मणी असले, तरी त्यात कर्ता गौण होत नाही. संस्कृतातील कर्मणी भूतकृदंतापासून आलेली ही रचना मराठीत भूतकाळाची साधी रीत झाली आहे. कर्त्याला मागे सारण्यास म्हणून अन्य साधने लागतात.

संस्कृतातील ‘य’ हा कर्मणी प्रत्यय प्राकृतात ‘इज्ज’ व जुन्या मराठीत ‘इजे’ झाला (कीजे, बोलिजे). पुढे तो मावळला. ‘म्हणजे’ व ‘पाहिजे’ ही त्याचीच अवशिष्ट रूपे होत. वाशिम जिल्ह्यातील वऱ्हाडीत ‘पाहिजे’चा उच्चार ‘पायजे’ असा होतो.

आधुनिक मराठीत कर्ता पुढील प्रकारांनी वगळतात : (१) अनिर्दिष्ट अनेकवचनी कर्ता : ‘खरिपात तूर पेरतात’. (२) अकर्मक क्रियापद : तोडणे–तुटणे, फाडणे–फाटणे, ‘दोर तुटला’. (३) ‘जाणे’ हे सहायक क्रियापद : ‘तूर पेरली जाते’. (४) ‘-ण्यात येणे’ : ‘बैठक बोलाविण्यात आली’. यांपैकी पहिले दोन बोलण्यात सहज येतात. चौथा मुख्यतः लेखी व्यवहारातील आहे. स्पॅनिशमध्येही सहायक क्रियापदाने साधलेली कर्मणी रचना औपचारिक वाटते. बोलताना ‘से’ हे सर्वनाम किंवा अनिर्दिष्ट अनेकवचनी क्रियापद वापरतात.

कर्ता सांगावयाचा असल्यास ‘चोर पोलिसांद्वारे पकडला गेला’ ही इंग्रजी वळणाची रचना अनावश्यक ठरते. विभक्तिप्रत्ययांमुळे मराठीत शब्दक्रम लवचिक असल्याने ‘चोर पोलिसांनी पकडला’ एवढ्यानेच कर्माला अग्रस्थान मिळते.

या निवडीला प्रशासनात विशेष महत्त्व आहे. वाशिम (प्राचीन वत्सगुल्म) येथे सापडलेल्या, दुसरा विंध्यशक्ती या वाकाटक राजाच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात असून आज्ञा राजाच्या वचनाने दिल्याचे त्यात नावानिशी नमूद आहे. उलट ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ या आजच्या कार्यालयीन वाक्यात निर्णय घेणारा दिसत नाही. पदनाम अन्यत्र दिलेले नसल्यास दाद कोणाकडे मागावी, हे अर्जदाराला उमगत नाही. कर्ता अज्ञात वा गौण असेल तेथे कर्मणी रचना उचित होय. उत्तरदायित्व सांगावयाचे असेल, तेथे ‘तहसीलदारांनी अर्ज नामंजूर केला’ अशी कर्तानिर्देशक रचनाच योग्य ठरते.