जुन्या व्हिडिओ फाइलमधून सेटिंग कसं शोधायचं?

पंढरपुरात कीर्तनाचं, दिंडीचं शूटिंग करता? मग हे वाक्य ओळखीचं असेल : "गेल्या आषाढीला दिलं होतं ना, अगदी तसंच द्या." जुना प्रोजेक्ट उडालेला, हातात फक्त तयार फाइल. अंदाजाने एक्सपोर्ट केलं आणि चित्र फाटलं, तर पेमेंट अडकतं. म्हणून आधी फाइललाच विचारा.

१. मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली किंवा यूट्यूबवरून उतरवलेली नको. ती पुन्हा दाबलेली असते, त्यामुळे तुमचं सेटिंग त्यात दिसणार नाही.

२. 'मीडियाइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात फाइल उघडा. कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेमरेट, बिटरेट हे चार आकडे वहीत लिहा.

३. 'एन्कोडिंग सेटिंग्ज' ही ओळ शोधा. एक्स२६४ने बनवलेल्या फाइलमध्ये ती बहुतेक वेळा असते. त्यात 'सीआरएफ' दिसला, तर तोच खरा आकडा. तो जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काहीच न बदलल्यास तो २३ असतो. मोबाइलच्या फाइलमध्ये ही ओळ सहसा नसते. तिथे बिटरेटवरच भागवायचं.

४. सॉफ्टवेअर नसेल तर साधं गणित : फाइलचे एमबी गुणिले ८, भागिले सेकंद. ३ मिनिटांची फाइल १८० एमबी असेल, तर सरासरी बिटरेट ८ एमबीपीएस.

आता महत्त्वाचं. नुसता बिटरेट उचलून दुसऱ्या कामाला लावू नका. कीर्तनकार एका जागी उभे असतात, मागचा पडदा हलत नाही. तिथे ४ एमबीपीएस पुरतात. दोन तासांचं कीर्तन साधारण ३.६ जीबीत बसतं. गिऱ्हाइकाच्या फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही, त्यामुळे हे सोयीचंही पडतं. पण वाळवंटातली गर्दी, फडफडणाऱ्या पताका, उधळलेला बुक्का यात प्रत्येक फ्रेम बदलते. तेच ४ तिथे लावले की चौकोन दिसायला लागतात. सीआरएफ मिळाला असेल तर तो तसाच ठेवा. बिटरेट तो दृश्याप्रमाणे आपोआप वाढवतो. नसेल मिळाला, तर सर्वांत गर्दीचे ३० सेकंद आधी एक्सपोर्ट करून टीव्हीवर बघा.

आणि हो, पुढच्या वेळी शोधाशोध नको. प्रत्येक ऑर्डरच्या बिलामागेच सेटिंग लिहून ठेवा. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते "तसंच" मिळतं म्हणून.