मोटारीच्या आतली पट्टी नवी कशी करावी?

मोटार बाहेरून चकचकीत असते. पण दार उघडले की आतल्या पट्ट्या विटलेल्या दिसतात. उन्हाने प्लास्टिक फिके पडते. हाताचा घाम लागून ते चिकट होते. गिऱ्हाईक बसते ते आत. म्हणून टॅक्सीवाल्याला आतले रूपही जपावे लागते.

आमच्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने दारांच्या पट्ट्यांना घरीच रंग मारला. पंधरा दिवसांत रंगाचे पापुद्रे सुटले. पैसे गेले, दोन दिवसांचा धंदाही बुडाला.

"गुरुजी, रंगच खोटा निघाला," तो म्हणाला.

आम्ही विचारले, "अरे, पट्टीच्या पाठीवरची अक्षरं वाचलीस का?"

तिथे अक्षरं असतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं!

पुष्कळदा पट्टीच्या पाठीवर प्लास्टिकची जात ठसवलेली असते. 'ए बी एस' ही इंग्रजी अक्षरे असली, तर रंग चांगला धरतो. 'पी पी' असली, तर साधा रंग धरत नाही. आधी खास त्या प्लास्टिकचे अस्तर लावावे लागते. त्याला प्रायमर म्हणतात. दुकानात तसे नीट सांगून मागावे.

आता काम कसे करायचे ते पाहू.

पट्टी सावकाश काढावी. ती क्लिपांवर बसवलेली असते. जोर केला तर क्लिपा तुटतात. मग साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळवावी आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसावी. चमक आणणारे तेल पूर्वी लावले असेल, तर ते सगळे निघाले पाहिजे. तेलावर रंग ठरत नाही. नंतर ४०० नंबरचा आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवावा. गुळगुळीत भिंतीला गिलावा धरत नाही, तसेच हे आहे. पुन्हा पुसून अस्तर द्यावे. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात मारावेत. एक हात वाळल्याशिवाय दुसरा मारू नये. किती वेळ थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. तेव्हा उघडीप पाहावी.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. थिनरची वाफ पेट घेते आणि छातीतही जाते. म्हणून काम उघड्यावर करा, बिडी दूर ठेवा. बंद मोटारीत फवारा कधीच मारू नका.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चालकापुढे ही हवेची पिशवी सक्तीची झाली. अपघातात ती झाकण फोडून बाहेर येते. त्या झाकणाला रंग लावू नये, ते उचकटूही नये.

त्या टॅक्सीवाल्याने पट्ट्या घासून पुन्हा पहिल्यापासून काम केलं. आता तो डबा आधी वाचतो, मग झाकण उघडतो.