हवेची तहान आणि सातपुड्याचे जंगल

जळगाव-धुळ्याच्या रहिवाशांना मे महिन्यातील ४२ अंशांचे नवल वाटत नाही. पण ४० आणि ४२ अंशांत फरक तो किती? सातपुड्यातील रोपट्याला विचाराल, तर ते म्हणेल, पुष्कळ! कसा, ते पाहू.

४० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प मावते. ४२ अंशांना सुमारे ५६ ग्रॅम. समजा, हवेत प्रत्यक्ष बाष्प १५ ग्रॅमच आहे. म्हणजे तूट ३६ ग्रॅमवरून ४१ ग्रॅमवर गेली. ही तूट म्हणजेच हवेची तहान. माती आणि पानांतील पाणी ओढून हवा ती भागवते. तापमान दोनच अंशांनी वाढले, तहान मात्र जवळजवळ सातव्या हिश्शाने वाढली!

सातपुड्यातील साग, सालई, धावडा ही झाडे उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची काटकसर करतात. मोठे झाड तग धरते. उथळ मुळांचे रोप वाळते.

त्यात भर पडते तोडीची. १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य सुमारे १७८ चौरस किलोमीटरांचे आहे. पण तोड आणि नांगरट यांमुळे सातपुड्यातील जंगलाचे तुकडे पडत आले आहेत. एक किलोमीटर बाजूच्या चौरसाची कड ४ किलोमीटर. त्याच चौरसाचे चार सारखे तुकडे केले, की कड ८ किलोमीटर होते. क्षेत्रफळ तेवढेच, पण ऊन-वारा शिरायला वाट दुप्पट! मोहाची फुले वेचण्यासाठी कोणी पाचोळा पेटवला, तर वाळलेल्या कडेने आग आत पसरते.

जंगल विरळ झाले, तर आपले काय बिघडते? रावेर-यावलची केळी विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर पोसते. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा आहे. डोंगरातील नाल्यांचे पाणी तेथे मुरते. झाडे व पाचोळा असलेल्या उतारावरून पाणी सावकाश उतरते. उघड्या उतारावरून ते गाळ घेऊन धावते, आणि गाळाने मुरण्याच्या वाटा बुजतात.

कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. ते एकट्या खानदेशाला रोखता येणार नाही; जंगलाची कड वाढू न देणे मात्र आपल्या हाती आहे.

एक प्रयोग करा. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा. दुपारी दाट झाडीत आणि मग उघड्या माळावर, सावली धरून, दोहोंतील फरक नोंदवा. फरक जितका अधिक, तितकी हवा तहानलेली.