ठासणीच्या बंदुकीतील गोळीचा आकार व लांब पल्ल्याची शिकार : एक विवेचन

प्रस्तावना :
इ.स. १८५७ च्या उठावाचे अध्यापन करताना एनफिल्ड बंदुकीच्या चरबीयुक्त काडतुसांचा उल्लेख आपण आवर्जून करतो. मात्र या काडतुसास वंगणाची गरज का होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नळीतील सर्पिल खाचा व त्यांत ठासावयाची लांबट गोळी हे त्याचे उत्तर होय. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम आजही असतो. तेथे गोळीच्या आकाराचा प्रश्न जिवंत आहे; कारण दुसरा बार भरण्यास वेळ लागतो आणि पहिला नेमका न लागल्यास जनावर जखमी अवस्थेत तडफडत राहते.

वस्तुमान व छेदक्षेत्र :
हवेचा अवरोध गोळीच्या छेदक्षेत्रावर, आकारावर व वेगावर अवलंबून असतो. त्यास तोंड देण्याची क्षमता वस्तुमानातून येते. १२.४५ मि.मी. व्यासाची शिशाची गोल गोळी सुमारे ११.५ ग्रॅम भरते. जवळपास त्याच व्यासाची लांबट गोळी सुमारे २२.७ ग्रॅमची असू शकते. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे तिचे वस्तुमान जवळजवळ दुप्पट होते. शिवाय निमुळते टोक व निमुळता बुंधा यांमुळे अवरोध आणखी घटतो. परिणामी गोल गोळीचा वेग झपाट्याने ओसरतो, तर लांबट गोळी तो अधिक काळ टिकविते.

स्थैर्य व फिरकी :
लांबट गोळी फिरकीवाचून कोलमडते. गोळी जितकी लांब, तितकी जलद फिरकी तिला लागते, हे ग्रीनहिल यांच्या १८७९ च्या सूत्रावरून स्पष्ट होते. म्हणूनच गोल गोळीच्या नळीत साधारणतः १६८ सें.मी. अंतरात एक वेढा, तर लांबट गोळीच्या नळीत सुमारे ७१ सें.मी. अंतरात एक वेढा ठेवतात. नळीस न साजणारी गोळी कितीही सुबक असली तरी नेम साधत नाही.

शिकारीवरील परिणाम :
वेग निम्मा झाला की गतिज ऊर्जा एक चतुर्थांश उरते. उड्डाणकाळ ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद झाल्यास गोळीची घसरण सुमारे २० सें.मी. वरून ७८ सें.मी. होते. अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी मर्मस्थानाऐवजी पायावर वा पोटात लागते. वेग जितका अधिक घटतो, तितकी आडव्या वाऱ्यानेही गोळी अधिक ढळते.

निष्कर्ष :
लांबट, निमुळती गोळी पल्ला वाढविते. तथापि शिकाऱ्याचा नेम व अंतराचा अंदाज ती सुधारीत नाही. म्हणून गोळी किती दूर पोहोचते यावरून नव्हे, तर जनावरास तत्काळ मृत्यू येईल याची खात्री कोठवर देता येते यावरूनच शिकारीची मर्यादा ठरविणे उचित होय. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. तरीही पदार्थविज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या वर्गांत हे उदाहरण उपयुक्त ठरावे.